लांब गेलेला चेंडू

पळसदेव, रविवार, वैशाख वद्य एकादशी

उपासाच्या दिवशी सकाळीच अभिजितचा पुण्याहून फोन. "दादा, यंदा सुट्टीत यायला जमत नाही." मी म्हणालो, बरं. पोटच्या पोराला दुसरं काय म्हणणार?

गोल्फ त्यानंच शिकवला. जुनी काठी मला ठेवून गेला. मागच्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी हटलेल्या रानात आम्ही दोघं खेळलो. माझा चेंडू त्याच्या निम्म्यावरही जाईना. तो हसला नाही, तेच लागलं. तेव्हापासून रोज मारुतीला हात जोडून तालमीत बैठका काढतोय, मुद्गल फिरवतोय. वस्ताद तात्या चिडवतात, "आरं, लिंबाएवढा चेंडू हाणायचा हाय का म्हैस उचलायची?" म्हटलं, पोराच्या बरोबरीनं मारायचाय. मग मात्र त्यांनी माझी कंबर धरून वळवली. म्हणाले, "नुसत्या हातानं न्हाय, कमरंतनं फिर."

संध्याकाळी त्याच रानात एकटाच गेलो. पहिलाच फटका असा बसला की हाताला कळलंसुद्धा नाही. चेंडू पाणी ओसरून उघड्या पडलेल्या देवळाच्या अंगानं गेला आणि दिसेनासा झाला. लांबचं आता नीट दिसत नाही. गेल्या वर्षी अभिजित कपाळावर हात आडवा धरून बघत उभा राहायचा. "दादा, तिकडं पडला."

अंधार पडेपर्यंत शोधला. मिळाला नाही. चेंडूचं काही नाही, पांडुरंगा.

अभिजितला फोन करावा वाटला. पण सांगणार काय? कुठवर गेला, ते मलाच ठाऊक नाही.