ओल्या फळ्यांवर दिवाळी

२८ ऑक्टो. २००७, रवि.
श्रीकांतनं केलंच. बाहेरच्या भिंतीच्या लाकडी फळ्यांना आज ऑइलपेंट. काल पाऊस पडून गेलाय, फळ्या ओल्या आहेत, कानीकपाळी ओरडून सांगितलं. नवरा म्हणतो, "वरवरची ओल आहे गं. दिवाळीच्या आत घराला रंग नको? अख्खं पुणं देतं." पुण्यात दिवाळीला पाऊस संपलेला असतो! इथे बुकित तिमाहला तो आता कुठे सुरू होणार, ईशान्येचा, थेट याच भिंतीवर. इतकी वर्षं सिंगापूरला राहून एवढं कळू नये? शेजारच्या लिम आंटी कुंपणावरून ओरडल्या, "नाऊ पेंट? रेन कमिंग ऑलरेडी, लाह!" हा नुसता हसला.

याच भिंतीआड बाबांची खोली. त्यांना दमा, जिना चढवत नाही, म्हणून खालची. आई गेल्यापासून पुण्यात एकटे, थंडी सोसत नाही. किती विनवण्या केल्या तेव्हा येतो म्हणालेत. मानवलं तर कायमचं राहीन, असंही.

९ नोव्हें. लक्ष्मीपूजन
भिंत झकास दिसते, कबूल. सगळे कौतुक करून गेले. श्रीकांत नवरदेवासारखा मिरवत होता. करंज्या थोड्या कडक.

२४ नोव्हें. शनि.
रोज पाऊस, आडवा. रंगाला फोड आलेत. एक फोडला तर आतून पाणी. सांध्यांतून पाणी आत शिरतंय आणि पुढून रंगानं तोंड बंद, मग सुकणार कुठून? श्रीकांत : "पाऊस संपला की फेब्रुवारीत बघू." बाबा पुढच्या आठवड्यात येतायत. फेब्रुवारीत बघू म्हणे!

२ डिसें. रवि.
बाबा आले. इथल्या उकाड्यात स्वेटर घालून! भाजणी आणलीय. खोलीत शिरताच नाक ओढलं, मग म्हणाले, "छान आहे खोली." कपाटामागची बुरशी काल पुसली, आज परत हजर.

८ डिसें.
खोकला थांबत नाही. दम्याचा पंप सारखा हातात. मुक्ता म्हणाली, "आजोबा, टेक माय रूम लाह. आय स्लीप इन द हॉल." लेकीला जे सुचतं ते... तिची खोली वर. बाबा नको म्हणाले.

जेवताना माझा तोल गेला. बाबांसमोरच श्रीकांतला नको नको ते बोलले. हौस, हट्ट, अक्कल, काही ठेवलं नाही. एरवी एकाला दोन ऐकवणारा माणूस, ताटात बघत बसला. त्याचाही राग आला.

९ डिसें.
सकाळी चहाला बाबा म्हणाले, "वसू, श्रीकांतरावांना बोलू नकोस. मीच फोनवर म्हटलं होतं, दिवाळीच्या आत रंग उरकून घ्या. आपल्याकडे दिवाळीनंतर कुठला आलाय पाऊस?"

श्रीकांतला गाठलं. बोलला का नाहीस? "लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी मला काहीतरी करा म्हणून सांगितलं. नाही कसं म्हणू?"

संताप आला, दोघांचाही. मला विचारायला काय झालं होतं? घर माझं, भिंत माझी, बाप माझा! यांनी परस्पर फोनवर ठरवायचं आणि मी बुरशी पुसायची.

१५ डिसें. शनि.
माणसं लावून भिंतीवर ताडपत्री टाकून घेतली, छपरापासून जमिनीपर्यंत. खालच्या काही फळ्या काढून ठेवल्या, आत वारा लागू दे. श्रीकांतनं मुकाट्यानं शिडी धरली. बाबांना वर मुक्ताच्या खोलीत हलवलं. जिन्यात मध्येच बसावं लागतं त्यांना, बघवत नाही.

दुपारी हळूच म्हणाले, "परतीचं तिकीट अलीकडचं मिळेल का गं?" पुण्याच्या थंडीत जायचं? "तिथली खोली कोरडी आहे." मी ताडकन म्हटलं, "रंग तुम्ही द्यायला लावलात ना? आता सुकेपर्यंत राहायचं." असं बोलायला नको होतं. पण नाहीतर रडू आलं असतं.

संध्याकाळी खोलीत नाहीत. शोधलं तर बाहेर, भर पावसात, छत्रीसुद्धा नाही, ताडपत्रीखाली हात घालून फळी चाचपतायत.

"बाबा, काय हे!"

"बघतोय," म्हणाले, "कितपत सुकलीय."