आज धरून की आज सोडून

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा, मान जाईल तितकी खाली घालून नमस्कार. (मान खाली जायला हल्ली काहीच अडचण नाही, वर यायलाच वेळ लागतो.) तुझा रक्तदाब, भाऊजींचा खोकला आणि त्या खोकल्यावरून तुम्हा दोघांत होणारे वाद, सगळं आपापल्या जागी ठीक असेल असं धरून चालतो.

मागच्या पत्रात तू विचारलंस की रक्त बदलतात म्हणजे काय, आणि सारखं सारखं कशाला. ताई, रक्त बदलत नाहीत. माझंच मला परत देतात. एका हातातून काढतात, मशीन त्यातलं पिवळं पाणी वेगळं करतं, ते टाकून देतात, त्याच्या जागी बाटलीतलं नवं घालतात आणि लाल माल दुसऱ्या हातातून आत. याला प्लाझ्मा एक्सचेंज म्हणतात. त्या पिवळ्या पाण्यात माझ्याच शरीराने बनवलेले काही उपद्व्यापी घटक आहेत, ते मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचू देत नाहीत. मेंदू म्हणतो पापणी उचल, आणि पापणीला ते ऐकूच जात नाही. (तुझ्या भावजयीचं म्हणणं, निरोप न पोचण्याचा आजार मला लग्नापासून आहे.) पाणी बदललं की माणूस टवटवीत होतो. पण शरीर गप्प बसत नाही, ते उपद्व्यापी पुन्हा तयार करतं, म्हणून पुन्हा बदलायचं. तेव्हा भांडण 'काय' यावर नाहीच, 'किती दिवसांनी' यावर आहे.

तुला माहीत आहे, मी चौतीस वर्षं लिफ्ट सांभाळल्या. ठरल्या तारखेला ठरल्या इमारतीत तेलाचा डबा घेऊन हजर. चालतेय की व्यवस्थित, पुढच्या महिन्यात बघू, असं म्हणणाऱ्या सेक्रेटरींना मी जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तेव्हा नसांच्या डॉक्टरांना मी पहिल्याच भेटीत म्हटलं, किती दिवसांनी ते आकड्यात सांगा. ते म्हणाले, ते माणसागणिक वेगळं असतं, बघत बघत ठरवू. असं उत्तर मी कुणाला दिलं असतं तर त्याच दिवशी नोकरी गेली असती.

सुरुवातीला दिवसाआड पाच वेळा झालं. हे सरळ होतं, एक दिवस मशीनचा, एक दिवस माझा. पापण्या वर गेल्या, आवाज खणखणीत झाला, घास चावून गिळता येऊ लागला. मग डॉक्टर म्हणाले, आता आठ दिवसांनी या. पाचवी खेप मंगळवारी झाली होती; मी वहीत मोजून आठ दिवस भरू दिले आणि मंगळवारनंतरच्या दुसऱ्या बुधवारी, धुतलेला शर्ट घालून, काउंटरवर उभा राहिलो. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या की मशीन काल तुमच्यासाठी रिकामं ठेवलं होतं, आज दुसऱ्याचं आहे. मी म्हटलं, काल सातच झाले होते. त्या म्हणाल्या, आठ दिवस म्हणजे आठवडा हो काका. मी विचारलं, आठवड्यात दिवस किती? त्या म्हणाल्या, सात. मी म्हटलं, मग आठ कशाला म्हणता? (हे सगळं चालू असताना माझी डावी पापणी हळूहळू उतरत होती. मी डोळा मारतोय असा त्यांचा समज झाला आणि त्यांनी मागच्या खोलीतून एका दांडग्या वॉर्डबॉयला बोलावून घेतलं.)

तोवर मागच्या रांगेत दोन तट पडले होते. एक निवृत्त मास्तर म्हणाले की आज धरून मोजायचं, म्हणजे मंगळवार ते मंगळवार आठ होतात. प्लास्टरमधला पाय पुढे करून बसलेला एक सुतार म्हणाला की लाकडाचं माप आज धरून घेतलं तर दार बसत नाही. मला मास्तरांचं पटलं होतं, पण मग शंका आली. आज धरून आठ म्हणजे सात, पंधरा म्हणजे चौदा, इथवर ठीक. पण तीन आठवड्यांना सगळे एकवीसच म्हणतात, बावीस कुणी म्हणत नाही. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात आज सुटतो. हा आज कुणी सोडला, असं मी विचारल्यावर मास्तर आपल्या रिपोर्टकडे बघू लागले. मला मशीन शुक्रवारी मिळालं. मधले दोन दिवस मी उजव्या डोळ्याने काढले.

आठाचे पुढे पंधरा झाले आणि तिथे गाडी स्थिरावली. आता डॉक्टर म्हणतात, एकदा एकवीस करून पाहू, मात्र पापणी कितव्या दिवशी उतरते, आवाज कधी बदलतो, पाणी पिताना ठसका कधी लागतो, हे रोज खरं खरं लिहा. ठसका लागला तर त्याच दिवशी या, तिथे वाट बघायची नाही. झालं. तुझ्या भावजयीने ते मनावर घेतलं. रोज सकाळी चहानंतर ती शिवणाची टेप घेऊन समोर बसते आणि माझा डोळा मापते; वही मात्र मी लिहितो. मी भुवया ताणून पापणी वर धरतो हे तिच्या लक्षात आल्यापासून कपाळ अंगठ्याने दाबून मापते. मग एका दमात पन्नासपर्यंत आकडे म्हणायला लावते. एकोणचाळीसला माझा आवाज नाकात जातो असं तिचं म्हणणं. मी म्हणतो, एकोणचाळीस हा आकडा धडधाकट माणसालाही नाकातूनच म्हणावा लागतो, तूच म्हणून बघ. तिने म्हणून दाखवला. तिला नीट येतो.

तर ताई, आमचं कुणाचं ती ऐकत नाही, पण तुझा शब्द तिने कधी खाली पडू दिलेला नाही. तिला चार ओळी लिही की एकवीस दिवसांनी नेलं तरी पुष्कळ झालं, माणसाला उठसूट टोचू नये. आज सतरावा दिवस आहे (आज धरून) आणि मी उत्तम आहे.

भाऊजींना नमस्कार. त्यांना खोकू दे, तू त्यात पडू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. टोचण्याचं मला काही वाटत नाही. पण मशीनच्या खोलीत घरच्यांना सोडत नाहीत. बाहेर लोखंडी बाक आहे, त्यावर ती तीन तास दाराकडे बघत बसते. शिवणसुद्धा बरोबर आणत नाही. उठताना भिंतीला हात लावून उठते. मी तरतरीत होऊन बाहेर येतो आणि बघतो तर ती तेवढ्यात म्हातारी झालेली असते. पंधराचे एकवीस झाले तर वर्षाला तिचे सात बाक वाचतात.

आणखी ता. क. वर लिहिलेलं सोडून दे. पापणी चौदाव्या दिवशीच उतरली, वहीत मी सोळावा घातला आहे. काल संध्याकाळी पाणी पिताना ठसका लागला आणि पाणी नाकातून आलं. तिला कळू नये म्हणून, चूळ भरतोय असं सांगून, बेसिनचा नळ पूर्ण सोडून खोकलो. फोन न करता पत्र लिहितोय, कारण तीन वाक्यांनंतर माझा आवाज ऐकून तू ओळखलं असतंस. काल मी घाबरलो, ताई. पंधराच बरोबर आहेत. तू तिला काही लिहू नकोस, तूच ये, आणि त्या बाकावर तिच्याऐवजी बस. मी बोलावलं असं मात्र सांगू नकोस.

वन्सं, सा. न.
पत्ता घालायला पाकीट माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. चूळ भरायला इतका मोठा नळ कुणी सोडत नाही. डॉक्टरांना मी कालच फोन केला होता. आज सकाळी मशीन मोकळं आहे, गाडी खाली उभी आहे, ह्यांना अजून सांगितलेलं नाही. किती दिवसांनी न्यायचं ते यापुढे माझ्या टेपवर ठरेल, असं डॉक्टर म्हणाले. तुम्ही जरूर या. बाकावरून मी उठणार नाही, पण सरकून बसेन.