दोरीपुढं अंथरलेला बोरा

मंगळवार. गावच्या मंडईच्या जत्रेचा दुसरा दिवस, सांज.

डोकं भणभणून राहिलं, पण कोणाचं फुटलं नाही, हेच खूप.

मंडईच्या नाटकात आमच्या जातीनं मागं बांधलेल्या दोरीमागंच बसायचं. यंदा रातच्या नाटकासाठी नात पल्लवीनं मोहल्ल्यातल्या बायका काल दुपारीच नेल्या न् स्टेजसमोर बसायला पोत्याचे बोरे अंथरले. मंडळाच्या पोट्ट्यांनी माझा बोरा मागं फेकला. पल्लवीनं पुन्हा आणला. पुन्हा फेकला.

"अवं, फाटून जाईन तो!"

"मंग बस ना आजी त्याच्यावर."

बसली. माझं वजन काही त्यांच्यानं उचललं नाही.

तरी पडदा उघडेपर्यंत जीव मुठीत. पोरीवर कोणी हात टाकला तर? तेवढ्यात पाटलीण आली. जिच्या धानाच्या बांधीत मी जन्मभर रोवणी केली, ती.

"सरक वं जराशी. मागून दिसत नाही."

सरकली. ती माझ्याच बोऱ्यावर टेकली. पोट्टे मागं सरले.

काऊन आली असंल? मनानं, का डोळ्यानं कमी दिसते म्हणून? काही असो. पोरगी धडधाकट घरी आली.

बोरा कोपऱ्यात फाटलाच. आज मंडप सोडताना दोरी कोणीच उचलली नाही. मी आणली. त्या दोरीनं बकरी बांधली.