जपानी जेवणाचा सराव

शौनकचं घर, इंदिरानगर, नाशिक
१८ फेब्रुवारी २००८

ती. सुधावन्सं यांना संपदाचा नमस्कार.

तुमचं पत्र परवा मिळालं. गुडघ्यांना उतार आहे हे वाचून बरं वाटलं. इकडे थंडी गेली असं वाटतं आणि पहाटे पुन्हा येते. माझ्या भावाने, शौनकने, निफाडहून द्राक्षांची पेटी आणली आहे. मला चावून खाता येत नाहीत. वहिनी रस काढून गाळून देते, तो मी नळीने ओढते. जबडा तारांनी बांधला आहे. त्या दिवशी फोनवर मी नुसतं हूं हूं करत होते म्हणून तुम्ही रागावून फोन ठेवलात. मी फुगून बसले नव्हते, वन्सं. तोंडच उघडत नाही. म्हणून हे पत्र.

तुम्ही लिहिलंत, झालं ते झालं, आता दोघांनी एकच सांगा. काय सांगायचं तेही लिहिलंत. हॉटेलचा आचारी प्यायलेला होता, त्याने माझ्यावर हात टाकला, तुमचा भाऊ मधे पडला तेव्हा आचाऱ्याने त्याच्यावर चाकू चालवला. वकिलांनाही हे पटलंय म्हणे. उत्तर देण्याआधी मला त्या जेवणाबद्दल सांगू द्या. तिथे तुम्ही नव्हता.

आणि एक. तुमच्यासमोर मी उपेंद्रला कायम 'हे' म्हणत आले. आज ते जमणार नाही, तेवढं चालवून घ्या.

सातपूरच्या कंपनीने त्याला जपानला ट्रेनिंगसाठी पाठवायचं ठरवलं, तेव्हा तुम्ही पेढे वाटलेत. घरात मात्र त्या दिवसापासून सराव सुरू झाला. तिकडे काड्यांनी जेवतात, चारचौघांत फजिती नको, म्हणून त्याने मुंबईहून काड्या आणवल्या. आधी शेंगदाणे, मग वाटाणे, मग भेंडीची भाजी. शेंगदाणा निसटला की तो मला टेबलावर हात पसरायला लावायचा आणि काडी बोटांच्या पेरांवर मारायचा. मी बघत होते म्हणून निसटला, असं त्याचं म्हणणं. मी बघायचं थांबवलं तर तोंड फिरवतेस का, म्हणून तीच काडी दंडात खुपसली. दिवाळीनंतर तुम्ही आलात तेव्हा तो दंड पाहिलात. हळद लावून दिलीत आणि लांब बाह्यांचा ब्लाऊज घाल म्हणालात. हळदीने जखम भरली, हे खरं.

मग म्हणाला, आता खरंखुरं जेवून बघू. कॉलेज रोडच्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाला लागून ते हॉटेल आहे. हॉटेल कसलं, एक गाळा. सहा स्टुलं, समोर जाड लाकडी फळी, फळीपलीकडे आचारी उभा. त्याचं नाव गोटीराम. इगतपुरीकडचा, मुंबईत मोठ्या हॉटेलात एका जपानी आचाऱ्याच्या हाताखाली राहिलेला. बोलका, आणि चांगलाच बढाईखोर. जपानचा तांदूळ कशाला हवा, आमच्याकडचा इंद्रायणी तसाच चिकटतो, हे त्याने आम्ही बसायच्या आत सांगून टाकलं. ओल्या हाताने भात दाबायचा, आत काकडी नाहीतर उकडलेली कोळंबी ठेवायची आणि भोवती समुद्राच्या शेवाळाचा काळा कागद गुंडाळायचा. कच्चा मासा फक्त मागणाऱ्याला. मला ते जेवण आवडलं, वन्सं. गार, किंचित आंबट भात. कोळंबीचं आईंना सांगू नका.

उपेंद्र मोठमोठ्याने मला समजावत होता. शेजारी एक तरुण जोडपं होतं, त्यांनाही ऐकू जावं असा बेत. ताटलीच्या कडेला बोराएवढी हिरवी गोळी होती. त्याला वाटलं चटणी. आपण वड्याबरोबर घेतो तशी त्याने ती सबंध उचलली, घासावर ठेवली आणि तोंडात टाकली. गोटीराम म्हणत होता, साहेब, ती जरा जराच घ्यायची असते. उपेंद्रने हात वर करून त्याला गप्प केलं. 

पुढे काय झालं तुम्हाला कळलंच असेल. ती चटणी नव्हे, मोहरीसारखा झणका असतो तिचा, थेट नाकातून डोक्यात जातो. तो डोकं धरून उठला. डोळे, नाक, सगळं वाहायला लागलं. शिंक आली आणि सगळा भात फळीवर. ते जोडपं हसलं. गोटीराम हसला नाही, तो पाण्याचा ग्लास पुढे करून उभा होता. मी हसले. दाबायला गेले, पण लग्नाआधी यायचं तसं पोटातून आलं, थांबेना.

त्याने ग्लास घेतला नाही. माझे केस मुठीत धरले आणि तोंड फळीवर आपटलं. मग पुन्हा आपटलं. दुसऱ्या वेळी कानाखाली काहीतरी मोडलं, तो आवाज मला आतून ऐकू आला. दात जिभेवर आला. ते जोडपं तेव्हाच पळालं असणार, कारण पोलिसांना कोणी साक्षीदार सापडला नाही.

गोटीराम फळीला वळसा घालून आला आणि त्याने उपेंद्रचं मनगट धरलं.

"साहेब, बाईमाणूस हाय. सोडा."

एवढंच तो बोलला. प्यायलेला नव्हता. उपेंद्रने स्टूल उचललं आणि त्याच्या डोक्यात घातलं. तो पडला. पडल्यावरही घातलं. मग त्याच्या छातीवर बसला आणि स्टुलाचा पाय गळ्यावर आडवा ठेवून दोन्ही हातांनी दाबायला लागला. गोटीरामच्या टाचा फरशीवर आपटत होत्या. थोड्या वेळाने त्या आपटायच्या थांबल्या. मासे कापायचा चाकू फळीपलीकडे ओल्या फडक्यावर ठेवलेला होता. मग चाकू चालला.

हे वाक्य लिहून मी बराच वेळ थांबले. वहिनी रस ठेवून गेली, तो प्यायले. चाकू आपोआप चालत नाही. तो मी चालवला.

मला त्याची पाठ दिसत होती, मान दिसत होती. मी उजवा हात निवडला. मनगटावर चाकू ओढला तेव्हा जोर लागलाच नाही, इतकी त्याला धार होती. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं, पण स्टूल सोडलं नाही. दुसऱ्यांदा ओढला तेव्हा मात्र जोर लावला. स्टूल सुटलं. गोटीराम खोकला. फळीवरच्या भातावर रक्त उडालं होतं, एवढं आठवतं, पुढचं दवाखान्यातलं.

मी शुद्धीवर यायच्या आत उपेंद्रने पोलिसांना सांगून टाकलं होतं की आचाऱ्याने वार केला. चाकू आचाऱ्याचा, हॉटेल आचाऱ्याचं, साहेबांच्या शब्दावर कोण शंका घेणार? तुम्हाला वाटतं त्याने मला वाचवलं. तुम्ही तसं लिहिलंतही, उपकार मान म्हणून. वन्सं, तुम्ही त्याला लहानपणापासून ओळखता. बायकोने हात कापला हे त्याला मरेपर्यंत सांगवणार नाही. दोन बोटं हलत नाहीत, जपान गेलं, ते तो सोसेल. हे सोसणार नाही. त्यापेक्षा एक माणूस तुरुंगात सडलेला त्याला चालतो.

परवा गोटीरामची बायको इथे आली होती, भागीबाई. शौनक तिला दारातूनच घालवत होता. ती हलली नाही. मी बाहेर गेले तर म्हणाली, तुमच्यापायी तो आत हाय, बाई, तोंड उघडा. मी ओठ मागे ओढून तारा दाखवल्या. तिने नीट वाकून पाहिल्या.

"मंग लिवून द्या," म्हणाली.

मी लिहून दिलं आहे. काल शौनकबरोबर पोलीस चौकीत जाऊन दिलं. गोटीरामचे प्राण वाचवायला हात चालवला म्हणून कोर्ट समजून घेईल, असं शौनकच्या ओळखीचे वकील म्हणतात. नाहीही समजून घेणार. मला तुरुंगाची भीती वाटते, लपवत नाही. पण त्या घरात परत जायची वाटते तेवढी नाही.

तुम्ही माझ्या बाजूने साक्ष द्याल असं मी धरून चाललेले नाही. तुमचा भाऊ आहे. फक्त एक करा. वकिलाकडून कळायच्या आत उपेंद्रला तुम्ही स्वतः जाऊन सांगा, की मी खरं लिहून दिलं आहे. हात मी कापला, पूर्ण शुद्धीत कापला, आणि स्टूल सुटलं नसतं तर तिसऱ्यांदा मी मनगटावर थांबले नसते.

आईंना नमस्कार.

अजून तरी तुमच्या भावाची बायको,
संपदा