पोत्याआडची माया

बाजारहत्नूर, १९८८

डॉक्टरसाहेब,

तुमच्या मेमोचा तेलुगूतला खुलासा ऑफिसातल्या बाबूनं लिहून देला, मी सही केली. हा माझा खुलासा, मराठीतला. पाठवणार नाही, म्हणून खरं लिहून राह्यली.

हैदराबादच्या साहेबांनी फोटोसाठी हात पुढे केला अन् आपल्या दवाखान्यातलं चितळाचं पाडस कुंपणावरून उडी मारून जंगलात पळालं. तुमी मेमोत लिहिलं, मनकर्णाला जनावराची माया नाही. काऊन? मी तोंडावर पोतं घेऊन बाटलीनं दूध पाजलं, तीन महिने त्याच्याशी बोलली नाही, पाजून झालं की डबा वाजवून हाकललं, म्हणून?

त्याला जंगलातच सोडायचं होतं न साहेब? जे चितळ माणसाजवळ जाते, ते शिकाऱ्याजवळबी जाते. ते पळालं, हेच माझं काम.

चूक एकच झाली. पाडसाला ताप होता, त्या दिवशी मी पोतं काढलं, त्याला दिवसभर मांडीवर घेतलं अन् नाव ठेवून हाका मारल्या. सजा द्यायची तर त्याची द्या.

नाव मात्र सांगणार नाही.

खुलाशावर सही करणारी,
मनकर्णा