सील न तोडलेलं विमान

५ जानेवारी २०२५, रविवार
संकल्प: (१) वजन. (२) चिडायचं नाही. (३) कलेक्शन शहाण्णववरून शंभरावर न्यायचं. लष्करी मालवाहू विमानांची डायकास्ट, म्हणजे जस्ताची ओतीव मॉडेल्स, सगळी सीलबंद. अख्ख्या वारज्यात असा दुसरा माणूस नाही. फायटर कोणीही जमवतो, मालवाहूला अभ्यास लागतो.

सील तोडलं की ते खेळणं झालं. हे दीपमालाला बावीस वर्षं समजावतोय. ती म्हणते, मग नुसते खोकेच मागवा की.

१९ जानेवारी
सासरे तात्याराव राहायला आले. डॉक्टर म्हणालेत, महिनाभर फार तर. विमानांची खोली त्यांना द्यावी, असं दीपमालाचं म्हणणं. मी न चिडता दमट हवेचा मुद्दा समजावला. त्यांचा पलंग हॉलमध्ये टाकला. तिथे वारा येतो, त्यांच्याच सोयीचं आहे.

२६ जानेवारी
टीव्हीवर परेड. तात्या एअरफोर्समध्ये होते. लडाखच्या चौक्यांवर पॅकेट नावाच्या विमानाच्या दारातून पिठाची पोती खाली ढकलायचे. अकरा वर्षं. मी त्यांना त्या विमानाची सगळी माहिती दिली. त्यांनी सगळी ऐकून घेतली. मग म्हणाले, आनंदराव, तुमच्याकडे आहे का ते? एकदा हातात द्या. आमच्या विमानांना पाठीवर जादा जेट इंजिन होतं, ते दाखवलंय का बघतो.

आहे! खोका नंबर १७, लग्नाच्या वर्षी घेतलेला. खोका हातात दिला, तर त्यांनी कानाशी धरून हलवला! आत खुळखुळलं. म्हणाले, काहीतरी सुटलंय. मी काढूनच घेतला. सुटे भाग असतात आत, चाकं वगैरे. पोती ढकलली म्हणून कोणी एक्स्पर्ट होत नाही.

२ फेब्रुवारी
तात्यांनी जेवण सोडलं. पुन्हा विमान मागितलं. दीपमाला रडली. मी तोडगा काढला: विमानाचा मोठा रंगीत फोटो, लॅमिनेट करून. तात्या म्हणाले, फोटो माझ्याकडे आहे, त्यात मीही आहे. हेकट माणूस.

ठरवलं. शंभरावं मॉडेल आलं की समारंभ करून १७ नंबर उघडायचा, तात्यांच्याच हस्ते. तोवर त्यांनी दम धरावा.

८ फेब्रुवारी
वाघोलीच्या समर्थने कलेक्टरांच्या ग्रुपवर रडगाणं टाकलं, त्याचं जुनं मॉडेल तडकलं. त्याला कळवलं, जुन्या मॉडेलच्या जस्तात भेसळ असली की ते आतून सडतं, शेवटी भुगा होतो. घेतानाच पारखी नजर लागते.

११ फेब्रुवारी, मंगळवार
तात्या पहाटे गेले. वाईट झालं.
दुपारी सत्त्याण्णवावं मॉडेल आलं. कुरिअरवाला दारातल्या चपला बघून परत निघाला होता. गॅलरीतून हाक मारली. पुठ्ठ्याला सुतक नसतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार
दहावा. ओंकारेश्वराला कावळा शिवेना. तास झाला. मेहुणे सर्जेराव पिंडाला म्हणाले, आईला अंतर देणार नाही. कावळे ढिम्म. आमची लेक सृष्टी म्हणाली, आजोबा, मी शिक्षण पुरं करीन. ढिम्म. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हात जोडून पुटपुटलो. दीपमाला सर्वांदेखत म्हणाली, अहो, मोठ्याने सांगा, त्यांना कमी ऐकू यायचं.

म्हटलं, तात्या, आज विमान उघडतो. कावळा आला. योगायोग. कावळ्यांनाही भूक लागतेच.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७
शब्द म्हणजे शब्द. तात्यांच्या फोटोसमोर सगळे जमले. हातमोजे घातले, ब्लेडने सील कापलं. आत करडा भुगा निघाला आणि चार चाकं. शेपटीचा एक तुकडा शाबूत होता, बोट लावलं तर तोही गेला. पाठीवर जेट होतं की नव्हतं, आता कळायला मार्ग नाही. स्टँड मात्र अगदी नवाकोरा.

 दीपमालाने भुगा वाटीत भरून माझ्या हातात दिला. म्हणाली, याच्याही अस्थी सोडून या. मग उठून आतल्या खोलीत गेली.

आता ती एकेक खोका कानाशी धरून हलवतेय. इथपर्यंत ऐकू येतंय.

सुटे भाग असतात आत. चाकं वगैरे.