डाव्या खांद्याची दुनळी

३ डिसें. ६६
बाबा परत काश्मिरी गेटला घेऊन गेले, बंदुकांच्या दुकानात. दादा येत नाही म्हणून मी. लढाईवरून आल्यापासून तो क्वार्टरच्या मागच्या पायरीवर बसून असतो. उजवा डोळा गेला, बोलणंही टाकलंय. बाबांना वाटतं, पूर्वीसारखा नजफगढकडे तीतर मारायला गेला की ठीक होईल. पण आता नेम डाव्या डोळ्यानं, म्हणजे बंदूकही डाव्या खांद्याची हवी. बहुतेकींचा दस्ता उजव्या खांद्यासाठी वळवलेला. नवी बनवून घ्यायची ऐपत नाही, जुनीच बघायची.
दुकानवाले खानसाहेब विचारत होते, कितवीत आहेस बेटी. वर्गात उभं राहून वाचायचं म्हटलं की घसा बंद, म्हणून नववीत शाळा सोडली. हे हिंदीत कसं सांगू. मराठीत पण नाही सांगता येत.

६ डिसें.
जेवताना बाबा म्हणाले, आज एक नाल बघितली, घोडे पण शाबूत आहेत. खानसाहेब नळीला नाल म्हणतात, तेच तोंडात बसलंय. आई पोळी वाढत म्हणाली, "नाल झाली, घोडे झाले, टांगा कधी आणताय?" मला ठसका लागला. दादा हसेल वाटलं. ताटाकडेच बघत होता.
भांडी घासताना आई हळूच, "बेबी, घरात बंदूक नको गं. त्याच्याजवळ नको." कळलं मला.

१० डिसें.
आज दुकानात फार सुंदर दुनळी बंदूक होती. लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेल्या नळ्या, वर पाण्यासारखी नक्षी. परवडणारी. बाबा हातातून सोडेनात. खानसाहेबच म्हणाले, "साहब, इसे दीवार पे टाँगिए. आजकल के कारतूस से फट जाएगी."
बसमध्ये बाबा खिडकीबाहेर बघत. मी पण.

१७ डिसें.
मिळाली. विलायती, रंग उडालेला, पण दस्ता डाव्या खांद्याचा. कुणी डावखुरा साहेब असेल.
खानसाहेबांनी नळ्या दस्त्यापासून सुट्या करून टांगल्या, लाकडानं ठोकल्या. दस्त्याला जोडलेल्या असल्या की वाजत नाहीत म्हणे. घंटेसारखी वाजली तर दोन नळ्यांमधला जोड पक्का. भद्द आवाज आला तर आतून सुटलेला. बाबांचे कान गेलेत, दुकानात कबूल करत नाहीत. दुकानवाला तर चांगलीच म्हणणार. बाबांनी मान हलवत मला मराठीत विचारलं, "वाजली का?"
सकाळी निघताना आई म्हणाली होती, तू नाही म्हण, तुझं ऐकतील.
वाजत होती. किती वेळ वाजत होती. आधीची बंदूक, आता विकलेली, पुसताना दादा शीळ घालायचा ते आठवलं.
"वाजली," म्हटलं. एरवी बंद होणारा घसा आज झाला नाही. झाला असता तर

२१ डिसें.
लायसन्सवर चढली, घरी आली. आई माझ्याशी बोलत नाही. काडतुसं मात्र माझ्यासमोरच तांदळाच्या डब्यात खोल खुपसली. एवढंच म्हणाली, तुला माहीत असू दे, त्याला नको.
बाबांनी बंदूक दादाच्या हातात दिली. त्यानं उचलली ती सवयीनं उजव्या खांद्याला. गाल टेकवला. तसाच राहिला. मग खाली ठेवली. बाबा न्हाणीघरात नळ सोडून बसले, बराच वेळ.

२४ डिसें.
बाबा ऑफिसात. आई बाजारात, मला म्हणाली घर सोडू नकोस.
दादा पायरीवर. नळ्या सुट्या करून बोटावर टांगलेल्या, चमच्यानं ठोकत होता. कान लावून. मी दारात उभी.
"छान वाजते," म्हणाला. मग, "तू निवडलीस म्हणे."
मी हो म्हणून मान हलवली.
"नाल ठीक. घोडे ठीक. टांगा तेवढा राहिला."
म्हणजे त्या दिवशी ऐकलं होतं त्यानं. मला हसू आलं, रडू पण.
मग माझ्याकडे न बघता, "बेबी, काडतुसं कुठे ठेवलीत आईनं?"
"तीतरांना जायचंय? मी पण येऊ?" अख्खं वाक्य बाहेर आलं, कुठे अडकलं नाही.
तो चमचा बोटांत फिरवत राहिला.
तांदूळ निवडायचेत म्हणून आत आले. डबा मांडीवर घेऊन बसलेय. आई अजून आली नाही. बाहेर परत ठोकतोय.
वाजतेय म्हणजे नळ्या अजून सुट्याच आहेत.